टाळ्यांआधीचं कडवं

‘बेतवेच्या काठी बाई, चंद्र उतरला न्हाया…’ इंदुमतीमावशीचा हा आवाज मयुराने सहा वर्षांची असताना ऐकला होता. मावशी तांदूळ निवडता निवडता गात होती. मयुरा दारात दिसली तशी गप्प झाली. पुन्हा कधी गायली नाही.

आता तोच आवाज सीपरी बाजारातल्या मावशीच्या घरी, मयुराच्या लॅपटॉपमधून येत होता. रेल्वे कॉलनीच्या गणपतीतली पस्तीस वर्षांपूर्वीची कॅसेट. मावशीने ती कधी लावलीही नव्हती. मयुराला त्या गाण्याला नवा ठेका द्यायचा होता. पण आवाजावर इको चढलेला, विहिरीत उतरून गायल्यासारखा. शब्द कापावा तर मागच्या शब्दाची शेपटी सोबत यायची. ठेका लावावा तर सगळा गाळ व्हायचा. चार दिवस ती इको पुसत होती. दुधातली साखर परत काढायला बसावं, तसं. इको पुसला की आवाजही पुसला जायचा.

“मावशी, तूच नव्याने गा ना. एकदा. बस.”

“नको गं. इकोशिवाय माझा आवाज उघडा पडतो.” मावशी मेथी निवडत होती. “यांनी तेव्हाच सांगितलं मला. पेटीवर हेच, इकोच्या मशीनवरही हेच. यांनी सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. मग म्हटलं, पुरे झालं गाणं.”

खिडकीशी पेपर वाचणारे मावशीचे यजमान, दामोदरकाका, खाकरले. “छोड़ दे बेटा. जुन्या लुगड्याला नवी झालर कशाला?”

“झालर नंतर, काका. आधी लुगडं तर धुऊ दे.”

मयुरा हट्टाला पेटली. कॅसेटची सुरुवात खरखरीची म्हणून तिने न ऐकताच वगळली होती. आज तिथूनच बसली. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल. एकेक शब्द घ्यायचा, त्याची शेपटी किती लांब ते कागदावर मांडायचं.

पहिल्या कडव्याला शेपटीच नव्हती. खरखरीखाली आवाज कोरडा, पेटी कोरडी. कडवं संपलं आणि टाळ्या पडल्या. लांबलेल्या, थांबता थांबेनात. कुणीतरी ओरडलं, “वाह, भाभीजी!” टाळ्या विरल्या, दुसरं कडवं सुरू झालं आणि इको चढू लागला. ओळीमागून ओळ, थोडा थोडा, हाताने बटण फिरवावं तसा. फक्त आवाजावर. पेटी शेवटपर्यंत स्वच्छ.

मयुराने पेन्सिल ठेवली. हेडफोनची वायर उपटली आणि पहिलं कडवं मोठ्याने लावलं.

मावशीचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. सरळ, मोकळा आवाज खोलीभर पसरला. कुठे कापरा नाही, कुठे ठिगळ नाही.

“ही कोण गं?”

“तू. यावर काहीही लावलेलं नाही, मावशी. इको पुढच्या कडव्यापासून आहे. टाळ्यांनंतर.”

मावशी शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिली. मग तिने मेथीची परात बाजूला सारली आणि नवऱ्याकडे वळली.

“अहो, हे तर बरं चाललं होतं. मग तुम्ही सांभाळलंत काय?”

काकांनी पेपरची घडी घातली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली. खाली रस्त्यावर टेम्पोवाला सवाऱ्यांना हाका मारत होता. मयुराने लॅपटॉपचा आवाज बंद केला. मावशीने नजर हलवली नाही.

“दहा वर्षं त्या स्टेजवर पेटी वाजवत होतो, इंदू,” काका म्हणाले. “माझ्यासाठी अशा टाळ्या एकदाही पडल्या नव्हत्या.”