ठिपक्यापुढचं कडं

मॅमथच्या सुळ्यात मुळाशी दरवर्षी नवं कडं वाढतं. बाबा संग्रहालयात ती कडी मोजायचे आणि शेवटच्या कड्यावर पेन्सिलीचा ठिपका द्यायचे. तिथे जनावराचं आयुष्य संपलं.

चार हजार वर्षांपूर्वी एका बेटावर उरलेल्या शेवटच्या कळपातला हा सुळा त्यांचं अखेरचं काम. कार्डावर त्यांचं अक्षर होतं : 'कडी सदतीस. उपासमार नाही, शिकारही नाही. कारण' आणि पुढे कोरं.

"मोजून बघ आणि सही कर," बाबांचे सहकारी काका म्हणाले. "आजारपणात त्याची चूक झाली असेल, तर कार्डावरून नाव काढावं लागेल."

"बाबा मोजण्यात चुकत नव्हते, काका."

"पत्ते वाटताना रोज चुकायचा. मुद्दाम!"

हसायचंही त्राण नव्हतं. मी भिंग लावलं. सुळा तपकिरी होता, पण ठिपक्यापुढे आणखी एक कडं होतं, पांढरंशुभ्र. अडतीस.

"काका, याला पाणी लागलंय का?"

"छे गं. तो गेल्यापासून कपाट उघडलंच नाही."

मी बोट फिरवलं. कडं ओलसर होतं, कोमटही. बाबांचं नाव राहावं म्हणून मी पहिल्यापासून पुन्हा मोजलं.

एकोणचाळीस.