हनुवटीवरची खळी

चित्रसंग्रहालयात यमुताई बिवलकरांनी चित्र हाताला जाणवून देणारे स्पर्शमोजे चढवले. जन्मांध बाईंची बोटं हवेत फिरू लागली आणि चित्रातला त्यांच्या आईचा चेहरा हाताला लागला. त्यांना जन्म देऊनच ती गेली होती.

"अगंबाई, खळी आहे की हनुवटीला!"

शेजारी संग्रहालयाचा तंत्रज्ञ हेरंब उभा होता. चित्राचा स्पर्श-नकाशा त्यानेच केला होता. हनुवटीवरचा रंग केव्हाच उडाला होता. उद्घाटनाच्या घाईत त्याने तिथे स्वतःच्या बायकोची हनुवटी बसवून दिली होती.

"ताई, जरा सांगायचं होतं..."

"थांबा हो! माझ्या नातीला अश्शीच खळी आहे. कुणाची आली, ते आज कळलं."

आपला चेहरा त्यांना दिसत नाही, याचं हेरंबला बरं वाटलं. आणि मग त्या बरं वाटण्याचीच शरम वाटली.