दहा मिलिमीटर

सकाळी साडेआठला ढगोबांनी गच्चीवरच्या पर्जन्यमापकातली बाटली काढली, पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओतलं आणि नळी डोळ्यांसमोर धरली. बरोबर दहा मिलिमीटर. स्वारी खूश झाली. साप्ताहिकात त्यांनी हेच लिहिलं होतं, ‘हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात एक सर येईल, आठ-दहा मिलिमीटरची.’ खाली नेहमीप्रमाणे घरच्याही चार ओळी होत्या. ‘आमच्या भिंतीवरच्या घड्याळाने यंदाही पाच मिनिटं मागे राहायचं ठरवलं आहे. कपाटाचं दार फुगलं आहे, ते कधी उघडेल याचा अंदाज माझ्याकडे नाही. सासूबाईंचं आणि ढगांचं अजून पटलेलं नाही.’

गावात पावसाचं माप एकच, ते यांच्या गच्चीवर. म्हणून तर गावाने त्यांना ढगोबा केलं होतं. दर तीन महिन्यांनी अंदाज छापून यायचा आणि त्याच्या शेजारी मागच्या अंदाजाचा निकाल, तोही याच मापावरून. अकरा वर्षांत ढगोबा क्वचितच चुकले होते. आता हवामान खात्याच्या मोठ्या कार्यालयाने वह्या मागवल्या होत्या. नोंदी पसंत पडल्या तर ही गच्ची अधिकृत केंद्र होणार होती. खाली टेबलावर दहा वह्या सुतळीने बांधून तयार होत्या. अकराव्या वहीत आजचा आकडा पडला, की गठ्ठा टपालात टाकायचा.

ढगोबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तेवढ्यात त्यांना वास आला. त्यांनी नळी नाकाशी नेली. ब्लीचिंग पावडर.

“पावसाला?” असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी पुन्हा हुंगलं. मग शंका नको म्हणून चष्मा काढून हुंगलं.

फरशी कोरडी होती. कठड्यावरची धूळ जशीच्या तशी, तिच्यातले चिमणीच्या पायांचे ठसेसुद्धा शाबूत. काल संध्याकाळी खुर्चीवर विसरलेलं वर्तमानपत्र पापडासारखं कडक. पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरं कोरडं राहतं, हे त्यांनी लोकांना शंभरदा ऐकवलं होतं, पण नेमका मापकाच्या वीतभर नरसाळ्यात पडून परत गेलेला पाऊस त्यांच्याही ऐकिवात नव्हता. टाकीचं पाणी वाहून जायचा पाइप पार पलीकडच्या टोकाला. कबुतरं एवढं पाणी आणणार नाहीत. खरं तर त्यांनी घाबरायला हवं होतं, पण कोडं दिसलं की या माणसाची तहानभूक हरपायची.

पलीकडे सासूबाई दोरीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होत्या.

“आई, रात्री पाऊस ऐकलात का?”

“पडला असेल की. तुम्ही लिहिलंच होतं.”

“पण फरशी कोरडी आहे.”

“उन्हाने सुकली असेल.”

“ऊन अजून इकडे आलंय कुठे?”

“मग वाऱ्याने सुकली. किती चौकशा हो तुमच्या! दहा भरले ना? मग लिहा आणि खाली चला, चहा निवतोय.”

ढगोबा होते तिथेच थांबले. दहाचा आकडा त्यांनी अजून कोणालाच सांगितला नव्हता.

“आई, या पाण्याला टाकीतल्या औषधाचा वास येतोय.”

सासूबाईंचा हात अभ्र्यावरच राहिला. “काल टाकी धुतली नाही का,” त्या म्हणाल्या, “माझ्या लक्षातच आलं नाही मेलं.” बोलून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. त्या पालथ्या बादलीवर बसल्या. “पेलाभर ओतलं की दहा भरतात. पहिल्याच वर्षी बघून ठेवलं होतं मी.”

“पण का?”

“का म्हणजे? पहिला अंदाज साफ आपटला तुमचा. इस्त्रीवाल्यापासून सगळे फिदीफिदी हसले. तुम्ही दोन दिवस भरल्या ताटावरून उठलात आणि माझी लेक तुमच्या तोंडाकडे बघत बसली. मी म्हटलं, आभाळाला कळत नाही तर निदान घरच्यांना तरी कळावं. तुमचा शब्दन् शब्द वाचते मी. माझ्यावर लिहिता तेसुद्धा.”

“आणि लिहिल्यापेक्षा जास्त पडायचा तेव्हा?”

“तेव्हा काय, कुंड्यांना घालायचे थोडं.”

ढगोबांना संताप आला. त्या संतापाच्या पाठोपाठ इतकी माया दाटून आली, की राग नक्की कुणावर काढावा ते कळेना. हातातल्या वहीत निळ्या शाईतले आकडे एकाखाली एक शिस्तीत उभे होते. त्यातले आभाळाचे कुठले आणि पेल्यातले कुठले, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. आकडा मनासारखा आला की त्यांनी आजवर कधी नाक लावून पाहिलं नव्हतं, हेही खरंच होतं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग आवाज खाली आणून, जरा आशेनेच, विचारलं, “आई, खरं सांगा. फार वेळा तर नाही ना केलंत असं?”

“छे हो!” सासूबाई अभ्रा झटकत उठल्या. “रोज रोज कोण जिना चढणार? मला काय दुसरी कामं नाहीत? तुम्ही चुकायचात, तेव्हाच फक्त.”