बाबांसाठीचं रेकॉर्डिंग

ए, ऐक तर खरं! अमेरिकेत ट्रॉयला राहणारी आपली उपासना, सोल म्युझिक गाते ती. गाणी स्वतःच लिहिते, बेसमेंटमधल्या स्टुडिओत रेकॉर्डही स्वतःच करते. तिचे बाबा वारले यार, इकडे नागपूरला. वेळेत पोचणं शक्यच नव्हतं, मग अंत्यसंस्काराला ती स्टुडिओतूनच व्हिडिओ कॉलवर बसली. सगळ्यांबरोबर अख्खी बुद्धवंदना म्हटली. डोळ्यांत टिपूस नाही. लगेच आत्याचा फोन.

"जगाला रडवतेस गाऊन, अन् बापासाठी तोंडही उघडलं नाहीस?"

तेव्हा कळलं, कॉल म्यूटवर होता. तोंड मोठ्या माइकमागे झाकलेलं.

"आत्या, मी म्हटली गं वंदना! थांब, पाठवते."

कारण स्टुडिओत बसली की रेकॉर्डिंग चालू करायची तिची सवयच. पाठवण्याआधी तिने ऐकलं. आवाज एकदम स्वच्छ, जरासुद्धा थरथर नाही. आणि त्रिशरणाच्या मधेच तिचंच वाक्य, अगदी शांतपणे: "सॉरी, सूर घसरला. वन मोअर टेक." की परत पहिल्यापासून सुरू.

तेवढं कापायला एक क्लिक पुरे होती. ती नुसती स्क्रीनकडे बघत बसली. तिकडे आत्या वाट बघतेय. तू काय केलं असतंस, सांग?