खल्वतच्या सतरा वह्या

सतरावी वही मिटून प्राध्यापक ॲरन म्हणाले, "इतका एकटा माणूस मी पाहिला नाही."

पाहिलं त्यांनी खल्वत यांनाही नव्हतं. पण चरित्र लिहायला तेवढी अडचण चालते.

विश्राम भोईर मोहन्याला कारखान्यात पाळी करायचे आणि 'खल्वत' या नावानं उर्दू शायरी. खल्वत म्हणजे एकांत. माणूस जन्मभर एकटाच असतो, सोबत हा नुसता भास, हे त्यांचं तत्त्वज्ञान. गेल्या वर्षी ते वारले. तीन आठवडे ॲरन माजिवड्याहून त्यांच्या खोलीवर येत होते.

दार सगुणाबाई उघडायच्या, हात पदराला पुसत. मग उंबऱ्याशी बसून राहायच्या. त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं आणि खल्वत यांनी कधी वाचून दाखवलं नव्हतं. आज चहा ठेवताना त्यांनी विचारलंच.

"सर, या वह्यांत कोणाचं नाव हाय का?"

"कोणाचं?"

"कोणाचंबी. रोजच्या मानसांचं."

ॲरन हसले. "मावशी, गझलेत नाव येतं ते शायराचंच. शेवटच्या शेरात."

"न् बाकीचे कागद?"

"चाळीस वर्षांत एक नाव नाही! हीच तर त्यांची थोरवी."

"नीट बघितलंत?"

"दोनदा."

सगुणाबाईंनी बशीत सांडलेला चहा पुसला. बशी कोरडी झाली तरी पुसत राहिल्या.

"जेवायचे कुठे ते?" ॲरननी पेन उघडलं.

"हितंच."

"स्वतः करायचे?"

"पानी पन हातानं घ्यायचे नाय. लिहायला बसले का भांडं वाजवायचं नाय. वाजलं का शेर मोडायचा."

"वा!" म्हणत ॲरननी टिपून घेतलं: 'घरात निःशब्द शांतता. सोबतीला कोणी नाही.'

निघताना त्यांना भरून आलं. "तुम्ही होतात म्हणून या वह्या रद्दीत गेल्या नाहीत. पुस्तकात तुमचे आभार मानणार मी. कामाच्या बायकांची नावं कोण छापतं हो?"

सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. "छापून येल?"

"येणार म्हणजे येणार."

"उर्दूत?"

"उर्दूत. पूर्ण नाव सांगा."

सगुणाबाईंनी पदर सारखा केला. एकही अक्षर सुटू नये अशा बेतानं, सावकाश त्या म्हणाल्या,

"सगुणा विश्राम भोईर."