बारा बादल्या

प्रार्थनाघर कधी नव्हे ते उबदार होतं. पण ऑर्बिनला घाम फुटला होता तो उबेचा नव्हता.

दोन्ही लोखंडी शेगड्या लालभडक झाल्या होत्या. बायकांनी शाली उतरवून मांडीवर घेतल्या होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ. महिन्यातून एकदाच, दुसऱ्या शनिवार-रविवारी उघडणारं हे घर. हिवाळ्यात इथं देवाचं नाव घ्यायचं ते दात वाजवतच. आज मात्र डेल्फिया मधूनच उठायची, फावडं भरून कोळसा शेगडीत ढकलायची, पुन्हा जागेवर येऊन बसायची. ऑर्बिन ती कोळशाची ढेकळं बघत होता. केंटकीच्या खाणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला आपल्या घरचा कोळसा ओळखू येत नाही होय?

त्याचाच होता. बारा बादल्या. गुरुवारी दुपारी बायकोचा, आयसीचा, डोळा लागल्यावर त्यानं त्या गाडीत भरल्या आणि इथल्या मागच्या खोपटात आणून ओतल्या. घरी ठेवल्या तीन. हिवाळ्याच्या सरकारी मदतीचा नियमच तसा होता: चार दिवसांपेक्षा कमी जळण उरलं असेल, तर गाडीभर कोळसा दारात. रोजची एक बादली धरली, तर ऑर्बिनकडे पंधरा दिवसांचा होता. आणि मदतीचा पैसा तर पुढच्याच आठवड्यात संपणार, असं जो तो सांगत होता. खरेपणानं कोळसा संपायची वाट बघावी, तर तोवर सगळं वाटून झालेलं. मग उरलेला हिवाळा खोकणाऱ्या आयसीनं कसा काढायचा?

शुक्रवारी तो मदतीच्या कचेरीत गेला. टेबलापलीकडे डेल्फियाच होती. त्याच्या मांडीवर खेळलेली पोर, आता केस पिकलेली.

"काय हो ऑर्बिनकाका, अख्खा डोंगर पोखरलात, आणि तुमच्याच घरी कोळसा नाही?"

"कुंभाराच्या घरी फुटकं मडकं, पोरी."

ती हसली. मग तिनं कागद पुढे सरकवला. "चार दिवसांपेक्षा कमी उरलाय?"

"हो."

तिनं पेन दिलं, पण सोडलं नाही. "नक्की ना, काका?"

"नक्की म्हणजे काय! तीन बादल्या. येऊन मोज."

तिनं पेन सोडलं. त्यानं सही केली. घरच्या बायबलात लग्नाची तारीख लिहिली होती तेव्हासारखी, सावकाश, वळणदार. शनिवारी पहाटे, मंडळी जमायच्या आत, कोळसा परत न्यायचा असं त्यानं ठरवलं होतं. पण रात्रीतून बर्फ पडलं आणि शनिवारी गाडी चढच चढेना. आज रविवारी शेजाऱ्याच्या मोठ्या गाडीतून दोघं आले, तर शेगड्या पेटलेल्या.

"कुणीतरी दिलंय!" ब्रदर टिल्डनचं प्रवचन आता सुरांवर चढलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाचा ठेका पडत होता. "डाव्या हाताला कळू दिलं नाही, हा! आणि उजव्या हातानं दिलंय, हा! नाव नाही सांगितलं, हा! पण तो बघतोय, बाबांनो, तो वरून बघतोय, हा!"

म्हाताऱ्या रडायला लागल्या. एकीनं हात वर केले. आयसी ऑर्बिनकडे झुकली. सकाळपासून ती एकदाही खोकली नव्हती.

"ज्यानं दिलं ना, देव त्याचं भलं करो," ती कुजबुजली.

ऑर्बिन शेगडीकडे बघत राहिला.

"ब्रदर ऑर्बिन," टिल्डननं कपाळ पुसत हाक मारली, "ओळ द्या."

तीस वर्षं तोच ओळ द्यायचा. इथं ना पेटी, ना बाजा. त्यानं एकट्यानं ओळ म्हणायची आणि मंडळींनी ती उचलून लांबवत न्यायची, डोंगराला वळसा घालणाऱ्या वाऱ्यासारखी. तो उभा राहिला. पुस्तक उघडलं. तोंड उघडलं. सूर आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला. डोळे तेवढे भरून आले.

"कृपा झाली!" मागून कुणीतरी ओरडलं. "ब्रदर ऑर्बिनवर कृपा झाली!"

आणि त्याच्या ओळीवाचूनच सगळे गायला लागले.

प्रार्थना संपताच तो लोकांचे हात चुकवत मागच्या दारानं खोपटाकडे गेला. डेल्फिया फावड्यानं जमीन खरवडत होती. खोपटात काळी भुकटी तेवढी उरली होती.

"डेल्फिया, माझी शुक्रवारची सही खोटी आहे," तो एका दमात म्हणाला. "हा कोळसा माझा होता."

"ठाऊक आहे." तिनं वर पाहिलं नाही. "माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे खोपट दिसतं. गुरुवारी तुम्ही एकेक बादली ओतत होतात. म्हणून तर दोनदा विचारलं."

"मग कागद पुढे कशाला पाठवलास?"

"कुठं पाठवला?" तिनं पाठ सरळ केली. कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पुन्हा आत ठेवला. "कालपासून पाठ मोडली माझी. दोन शेगड्या, बारा बादल्या. घरी किती उरलाय, काका?"

ऑर्बिनला कळेना. "एक बादली."

डेल्फियानं शेवटची भुकटी फावड्यात गोळा केली.

"मग आता सही खरी झाली," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाठवते."