नळीचं टोक

गोदावरीबाईंनी घड्याच्या तोंडावरची कापडमाती सुरीने सोलून काढली आणि झाकण बाजूला केलं. वैद्य अवधूतशास्त्र्यांनी वाकून वास घेतला. महिनाभर भाताच्या कोंड्यात ठेवलेलं दशमुळारिष्ट छान साधलं होतं. औषध मुरावं म्हणून घातलेली धायटीची फुलं फुगून वर तरंगत होती. आता फुलं मागे ठेवून औषध तेवढं बाटल्यांत उतरवायचं, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

औषध हललं, उंचावरून पडलं, त्यात वारा मिसळला, की ते आंबतं. हे शास्त्रीबुवांनी निम्म्या महाडाला सांगून झालं होतं. पण वर्षभरापासून त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. वाटीने फडक्यावर ओतताना औषधाचा नुसता सडा पडायचा. मागचे दोन घडे असेच आंबून फुकट गेले. शास्त्रीबुवांनी दोष दिला धायटीला.

ती धायटी डोंगरातून आणून देणारी ठकूबाई आज ओटीवर बसली होती. उजाडायच्या आत तुडीलहून चालत निघालेली. तिची लेक साळू बारा दिवसांची बाळंतीण होती. उठून बसायचं बळ नव्हतं आणि बाळाला दूध पुरत नव्हतं. औषध घेतल्याशिवाय ठकूबाई हलणार नव्हती.

"मी गाळू का?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"हे काय ताक आहे?" म्हणत शास्त्रीबुवांनी वाटी बुडवली. अर्धी फडक्यावर गेली, अर्धी धोतरावर. खालच्या पातेल्यात फेस आला. बिचाऱ्यांनी वाटी पुन्हा उचलली.

ठकूबाई दाराशी येऊन उभी राहिली. "वैदबाबा, वाटी नको. नळी लावा. माजा भाव चांगू पोलादपुरात टरकावर हाय. पिपातलं डिझेल तो नळीनंच उतरवतो. थेंब सांडत नाय."

आपलं दशमुळारिष्ट डिझेलच्या पंगतीला बसवलेलं शास्त्रीबुवांना आवडलं नाही, पण युक्ती पटली. बस्ती म्हणजे एनिमा देण्यासाठी मुंबईहून मागवलेली, आरपार दिसणारी रबरी नळी कपाटात कोरी पडून होती. तिचा उपयोग सांगितला की रोगी तिथल्या तिथे बरा होऊन घरी जाई. गोदावरीबाईंनी ती उकळून आणली. फुलं आत शिरू नयेत म्हणून एका टोकाला मलमल दुहेरी बांधली आणि ते टोक अलगद घड्यात सोडलं. दुसरं टोक खालच्या पायरीवरच्या बाटलीपाशी आणलं.

"आता ते टोक तोंडात धरून ओढायचं," ठकूबाई म्हणाली.

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. "तोंडाने? मग सगळं उष्टं झालं. रोग्यांना मी उष्टं पाजू?"

"नळीत पाणी भरून लावली तर?" गोदावरीबाई म्हणाल्या.

"पाण्याचा थेंब गेला तरी घडा बिघडेल."

"औषद तोंडाकडं येतं, वैदबाबा. तोंडातलं काय आत जात नाय," ठकूबाई काकुळतीला आली. "नायतर मी ओढते. माज्या साळूपुरती एक बाटली भरा. आयशीचं उष्टं लेकराला चालतं."

"आणि बाकीच्यांनी काय करायचं?"

शास्त्रीबुवांनी पुन्हा वाटी घेतली. या खेपेला डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. मग दोन्ही हात थरथरू लागले. ठकूबाईला ते बघवेना, ती रस्त्याकडे बघत राहिली.

गोदावरीबाई पदर खोचून पायरीवर बसल्या आणि त्यांनी नळीचं टोक हातात घेतलं.

"अगं, काय करतेस?"

"लग्नाला चाळीस वर्षं झाली," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "रोज तुमच्या उष्ट्या ताटात जेवते. मला काही झालं नाही. लोकांनाही होणार नाही."

त्यांनी टोक ओठांत धरून ओढलं. नळी तपकिरी झाली तशी त्यांनी ती चिमटीत दाबून बाटलीच्या तळाशी नेली आणि सोडली. औषध तळापासून वर चढू लागलं. ना फेस, ना आवाज. घड्यातली फुलं पातळीबरोबर हळूहळू खाली बसत गेली. बाटली गळ्यापर्यंत भरली, मग दुसरी, मग तिसरी.

शास्त्रीबुवांनी वाटी खाली ठेवली. थोड्या वेळाने तेही पायरीवर आले आणि एकेका बाटलीला बूच लावू लागले. त्या कामाला त्यांचा हात चालत होता. पहिली बाटली त्यांनी ठकूबाईला दिली. "जेवणानंतर दोन चमचे, तितकंच पाणी घालून. चांगलं उतरलंय, काळजी करू नको." ठकूबाईने बाटली पदरात गुंडाळली आणि झपाझप निघाली.

दुपारी गोदावरीबाईंनी नेहमीसारखा एक पाट मांडला, एक ताट वाढलं. शास्त्रीबुवा बसले नाहीत.

"अजून एक ताट घे," ते म्हणाले.

"कोण यायचंय?"

शास्त्रीबुवांनी भिंतीला टेकवलेला दुसरा पाट स्वतः उचलला आणि आपल्या पाटासमोर ठेवला. हात थरथरत होता, त्यामुळे पाट जमिनीला टेकताना दोनदा वाजला.